काचेची गोटी : तिचे कूळ आणि तिची पारख

‘गोट्या खेळणे’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत निरुद्योगीपणाला समानार्थी होऊन बसला आहे. मुलगा नापास झाला की वडील विचारतात, “वर्षभर काय गोट्या खेळत होतास?” आणि या प्रश्नाचे उत्तर त्यांना नको असते. आम्हां शिक्षकांचीही गोटीशी ओळख बहुधा जप्तीच्या निमित्तानेच होते. तासाला खिशातून घरंगळलेली गोटी आमच्या टेबलाच्या खणात जाते आणि वर्षअखेरीस त्या खणात बऱ्यापैकी संग्रह साठतो. ज्या वस्तूला आपण इतके क्षुल्लक समजतो, तिच्यामागे काचकारागिरांची चार पिढ्यांची कला, दोन खंडांतील कारखान्यांची चढाओढ आणि एका महायुद्धाने फिरवलेला व्यापार उभा आहे, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे. शिवाय हातातील गोटी कोणत्या काळची, कोणत्या रीतीने घडलेली, हे कसे ओळखावे याचाही विचार करावयाचा आहे. ही ओळख नसल्यामुळे जुन्या घरांच्या आवराआवरीत डबेच्या डबे भंगाराबरोबर जातात. त्याहून वाईट म्हणजे, चांगल्या हेतूने घासूनपुसून लखलखीत केलेली जुनी गोटी त्याच क्षणी आपली साक्ष गमावून बसते. ते कसे, हे पुढे ओघाने येईलच.

काचेपूर्वीची गोटी

गोटीचा खेळ काचेहून कितीतरी जुना आहे. मोहेंजोदडो व हडप्पा येथील उत्खननांत दगडाच्या व भाजलेल्या मातीच्या लहान लहान गोळ्या सापडल्या आहेत. ईजिप्तमध्ये नकादा येथे एका बालकाच्या थडग्यातून निघालेला, दगडी गोळ्या व छोटे खुंट असलेला खेळ ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. रोमन मुले अक्रोडांनी असेच खेळ खेळत. इतके, की ‘अक्रोड सोडणे’ म्हणजे बालपण सोडणे असा लॅटिन भाषेत वाक्प्रचारच झाला.

आपल्या मराठी मंडळींची वस्ती निरनिराळ्या प्रांतांत पिढ्यान् पिढ्या रुजलेली असल्यामुळे या एका वस्तूची नावेही आपल्या कानांवर अनेक पडतात. घरात आई ‘गोटी’ म्हणते. पण इंदूर-ग्वाल्हेरच्या गल्लीत तीच कंचा होते, बडोद्याला लखोटी होते, आणि हैदराबादेत किंवा बेळगावकडच्या कानडी सवंगड्यांत गोली होते. नाव कोणतेही असो, बोटाच्या टिचकीने नेम साधण्याचे कौशल्य सर्वत्र एकच.

काचेच्या आधी गोटी होती ती मुख्यत्वे मातीची व दगडाची. मातीच्या गोट्यांचा मोठा उद्योग अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी १८८४ च्या सुमारास सॅम्युएल डाइक यांनी उभारला. दगडी गोट्यांत श्रेष्ठ मान अकीकाला. जर्मनीतील ईडार व ओबरस्टाइन या जुळ्या गावी ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या प्रचंड सहाणांवर अकीक घासून गोट्या बनवीत. बडोद्याच्या श्रोत्यांना अकीक अपरिचित नाही. रतनपूरच्या खाणींतून निघणारा हा दगड खंभातचे कारागीर शतकानुशतके तापवून, घासून, भोके पाडून मणी करीत आले आहेत. घासून बनवलेल्या अकीकाच्या जुन्या गोटीची खूण अशी, की ती दिव्यासमोर हळूहळू फिरवली असता तिच्या पृष्ठावर बारीक बारीक पैलू चमकतात. काच वितळून गोल होते, दगड मात्र घासूनच गोल करावा लागतो. आणि हाताने घासलेला गोल किंचित पैलूदार राहतोच.

लाऊशाची कात्री

काचेच्या गोटीचे खरे माहेर म्हणजे जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील लाऊशा हे डोंगराळ गाव. तेथे १५९७ मध्ये हान्स ग्राइनर व ख्रिस्तोफ म्युलर या दोघांनी काचेची भट्टी घातली. सरपणाला जंगल, आणि काचेला वाळू, अशी दोन्ही साधने जवळ होती. पुढे याच गावात नाताळच्या झाडावर टांगावयाचे काचेचे फुगे आणि बाहुल्यांचे काचेचे डोळे बनू लागले. १८४६ च्या सुमारास ग्राइनर घराण्यातीलच एलियास ग्राइनर यांनी एक साधे पण युक्तिबाज हत्यार केले. ते चिमट्यासारखे असून त्याच्या एका पात्याच्या टोकाशी लहानशी वाटी, तर दुसऱ्याला धार होती. याला गोटीची कात्री म्हणत.

तिचे काम असे चाले. कारागीर प्रथम काचेची जाड कांडी तयार करी. मध्ये पांढऱ्या वा पिवळ्या काचेच्या तारा, त्यांवर पारदर्शक काचेचे वेष्टन, त्यावर पुन्हा रंगीत पट्टे, आणि सर्वांवर नितळ काचेचा थर. ही कांडी तापलेली असतानाच पीळ देऊन लांबवली, की आतील तारांची सुंदर वेटोळी होत. मग कांडीचे टोक मऊ करून कात्रीच्या वाटीत धरावयाचे, गरगर फिरवून गोल करावयाचे, आणि धारेने कांडीपासून तोडावयाचे. एकामागून एक अशा गोट्या त्याच कांडीतून निघत. तोडलेली गोटी एकदम थंड केली तर तडकते, म्हणून ती भट्टीच्या उबेत हळूहळू निववीत.

या कृतीतून दोन गोष्टी अपरिहार्यपणे निष्पन्न होतात, आणि हाताच्या गोटीची सारी परीक्षा त्या दोन गोष्टींवरच उभी आहे. पहिली अशी, की प्रत्येक गोटीला दोन टोके असतात. एक, जेथून आधीची गोटी तोडली गेली ते, आणि दुसरे, जेथे ती स्वतः तोडली गेली ते. या दोन्ही ठिकाणी काचेवर लहानसा खडबडीत व्रण राहतो. चांगल्या कारागिराने तो घासून सपाट केलेला असेल, किंवा आंचेवर धरून मऊ केलेला असेल, पण तो अजिबात नाहीसा होत नाही. दुसरी गोष्ट अशी, की आतील सर्व तारा व पट्टे एका टोकाशी सुरू होऊन दुसऱ्या टोकाशी मिळतात. शाळेतील पृथ्वीच्या गोलावर रेखावृत्ते जशी दोन ध्रुवांशी एकत्र येतात, अगदी तसेच. म्हणून हाताच्या गोटीला ध्रुव असतात, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

हातच्या गोट्यांच्या जाती

जर्मन गोट्यांच्या जाती पुष्कळ आहेत. मुख्य तेवढ्या सांगतो. ज्यात मध्ये पांढऱ्या वा पिवळ्या तारांची जाळी असते, ती जाळीदार पिळाची. ही सर्वांत जास्त आढळते. जाळीच्या तारा तांबड्या किंवा निळ्या असल्या, तर ती दुर्मिळ. काहींत जाळीच्या जागी भरीव रंगीत गाभा असतो, काहींत एक वा दोन रुंद फिती असतात, तर काहींत गाभा तीन-चार सुट्या पट्ट्यांत विभागलेला असतो. काहींत रंगाचे ठिपके ताणले जाऊन पृष्ठाखाली पातळ थर बनलेला असतो. कांद्याच्या सालीसारखा दिसतो म्हणून इंग्रज संग्राहकांनी तिला तेच नाव दिले आहे. काहींच्या काचेत अभ्रकाचे कण मिसळलेले असतात आणि उजेडात ते रुपेरी चमकतात. काहींत तांब्याच्या सूक्ष्म स्फटिकांनी सोन्यासारखी झगमगणारी काच असते. ही काच मूळ व्हेनिसच्या कारागिरांची. तिच्या गोटीला अमेरिकेतील निकोलस लुट्झ या काचकारागिराचे नाव चिकटले आहे, पण गोटी जर्मनच. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे ओढलेल्या एका जातीला तर संग्राहक ‘इंडियन’ म्हणतात. नावाने हुरळून जाऊ नये, तिचाही जन्म जर्मनीतला.

सर्वांत नवलाची जात म्हणजे मूर्तीची गोटी. नितळ काचेच्या मोठ्या गोट्यात कोंबडा, कुत्रा, सिंह, मेंढी, क्वचित माणूस किंवा एखादा अंक अशी पांढरी आकृती बसवलेली असते. या गोट्यांना इंग्रजीत गंधकावरून पडलेले नाव आहे, पण त्यांत गंधक मुळीच नसते. आकृती पांढऱ्या चिनी मातीच्या मिश्रणाची असते. ती रुपेरी भासते, याचे कारण माती व काच यांच्यामध्ये अडकलेला हवेचा पातळ पापुद्रा. तापलेल्या काचेत आकृती नेमकी मध्यभागी, न तडकता, हवेच्या बुडबुड्याशिवाय बसवणे अत्यंत कठीण. म्हणूनच मध्यभागी उभी असलेली, अखंड आकृती मोलाची.

यंत्राचा उदय

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन गोट्यांची अमेरिकेतील आयात थांबली. त्या पोकळीत शिरावयास अमेरिकेचे यंत्र तयारच होते. अ‍ॅक्रन येथील मार्टिन फ्रेडरिक ख्रिस्तेन्सन हे पोलादी गोळ्या बनविण्याच्या यंत्रांचे जाणकार. गोल वस्तू घडविण्याच्या यंत्राचे पेटंट त्यांना १९०५ मध्ये मिळाले. या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. ज्यांवर मळसूत्राप्रमाणे खाच कोरलेली आहे असे दोन रूळ शेजारी शेजारी, एकाच दिशेने फिरत असतात. मऊ काचेचा गोळा त्यांच्या मधल्या खाचेत पडला, की तो प्रत्येक बाजूने लोळत लोळत गोल होतो, आणि मळसूत्रामुळे पुढेही सरकतो. शेवटास पोचेपर्यंत तो कडक झालेला असतो. प्रारंभी काचेचा गोळा भट्टीतून सळईने उचलून माणूसच त्यावर टाकी. पुढे वितळलेल्या काचेची धार आपोआप वाहू लागली आणि कात्रीही यंत्राचीच झाली.

युद्धकाळात इंधनवायूची टंचाई होऊन ख्रिस्तेन्सन यांचा कारखाना १९१७ मध्ये बंद पडला. पण अ‍ॅक्रनमध्येच निघालेली अ‍ॅक्रो अ‍ॅगेट कंपनी १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्ग येथे गेली; वाळू व वायू तेथे स्वस्त. या कंपनीने १९५१ पर्यंत गोट्या बनवल्या. इलिनॉय राज्यातील ऑटवा येथील पेल्टियर, वेस्ट व्हर्जिनियातीलच व्हिट्रो अ‍ॅगेट आणि १९४९ मध्ये निघालेली मार्बल किंग, ही आणखी काही प्रसिद्ध नावे. १९२२ पासून अमेरिकेत मुलांची राष्ट्रीय गोटीस्पर्धा भरू लागली. १९२८ पासून सहा टोकांच्या ताऱ्यावर गोट्या मांडून खेळावयाचा ‘चायनीज चेकर्स’ हा खेळ घरोघर गेला. हा खेळ नावाने चिनी असला तरी निघाला तो जर्मनीत. अशा रीतीने मागणी वाढत गेली.

यंत्राच्या गोटीला ध्रुव नसतात. फार तर, काचेची धार कापली गेली तेथे लहान शिवणीसारखी रेघ दिसते. रंगांची मांडणीही वेगळी. दोन रंग एकमेकांत मिसळून पृष्ठावर धुरासारखे पसरलेले दिसतात; किंवा रंगाची एक फीत गोटीभोवती बुचकाढण्याच्या पेचासारखी फिरत जाते, ही अ‍ॅक्रोची प्रसिद्ध खूण; किंवा गोटीवर ठिगळासारखे पट्टे असतात. पेल्टियरने १९३० नंतरच्या दशकात वर्तमानपत्री हास्यचित्रांतील पात्रांची चित्रे गोटीवर उमटवली, त्यांना आज विशेष मान आहे. पुढे १९५० च्या सुमारास जपानने मांजराच्या डोळ्याची गोटी बाजारात आणली. नितळ काचेच्या पोटात रंगीत पाकळ्या असलेली ही गोटी इतकी लोकप्रिय झाली, की अमेरिकन कारखान्यांनाही तिची नक्कल करावी लागली. आपल्या मुलांच्या खिशात आज सापडते ती बहुधा याच जातीची.

सोड्याच्या बाटलीतील गोटी

आपल्याकडे एक जात अशी आहे, की जी खेळासाठी जन्मलीच नाही. ती म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीतील गोटी. लंडनच्या हायरम कॉड यांनी १८७० च्या सुमारास ही बाटली शोधून काढली. बाटलीच्या गळ्यात रबराचे कडे असते. बाटली उलटी धरून भरतात, त्यामुळे गोटी गळ्याकडे येते; सुलटी केल्यावर आतील कर्बवायूचा दाब तिला त्या कड्याशी घट्ट धरून ठेवतो. बोटाने वा लाकडी खुंट्याने गोटी दाबली, की वायू फसकन् सुटतो आणि गोटी खाली पडून गळ्यातील खळग्यात अडकते. म्हणून पेला भरताना ती परत तोंडाशी येत नाही. या बाटलीची सारी मदार गोटीच्या निर्दोष गोलाईवर. ती जरा वाकडी असली तर वायू गळणार. त्यामुळे ही गोटी साधी, बिनरंगी किंवा हिरवट, पण गोलाईने अव्वल असे. मुले तिच्यासाठी बाटल्या फोडीत, हे सोडावाल्यांचे जगभरचे गाऱ्हाणे होते. परिणामी जुनी अखंड बाटली दुर्मिळ झाली.

नितळ हिरवट गोटी दिसताच तिला सोड्याची म्हणू नये, एवढी सावधगिरी मात्र हवी. काचतंतू बनविण्याच्या कारखान्यांना पूर्वी कच्चा माल म्हणून अशाच साध्या गोट्या पुरवीत. त्या वितळवून त्यांचे तंतू ओढीत. अमेरिकेत रेल्वेच्या रुळांच्या कडेला अशा गोट्या सापडतात, त्या मालगाडीतून सांडलेल्या.

पारख कशी करावी

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळू. त्यासाठी लागणारी साधने थोडीच आहेत. दहापट मोठे दाखविणारे भिंग, मापासाठी व्हर्नियर कॅलिपर, सोनाराच्या काट्यासारखा हलका तराजू, एक प्रखर दिवा आणि एक मऊ फडके. आणि विचारावयाचे प्रश्न पाच.

पहिला प्रश्न, पदार्थ कोणता? येथे वजन कामास येते. साध्या काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट. १६ मिलिमीटर व्यासाच्या गोटीचे घनफळ सुमारे २.१ घनसेंटिमीटर, म्हणून काचेची ती गोटी ५.३ ग्रॅमच्या आसपास भरावी. तेवढ्याच आकाराची प्लास्टिकची गोळी निम्म्याहून कमी भरेल, पोलादाची १६ ग्रॅमच्या पुढे जाईल. अकीक मात्र काचेच्या जवळपास भरतो. तेथे वजन उपयोगी नाही, मघाशी सांगितलेले पैलू पाहावे लागतात.

दुसरा प्रश्न, ध्रुव आहेत का? गोटी दिव्यासमोर धरून बोटांत सावकाश फिरवावी. दोन समोरासमोरचे व्रण आणि त्यांच्याशी जुळणारे पट्टे दिसले, तर गोटी कांडीपासून तोडलेली, हाताची. एकच व्रण दिसला, तर ती यंत्राच्या आरंभकाळातील किंवा काचेचा एकेक गोळा उचलून घडविलेली असू शकते. व्रण मुळीच नसून शिवणीसारखी रेघ दिसली, किंवा काहीच दिसले नाही, तर ती यंत्राची.

तिसरा प्रश्न, रंग कोठे आहे? पृष्ठावर, पृष्ठाखाली, की पोटात? चौथा प्रश्न, आकार किती? खेळाची नेहमीची गोटी पाऊण इंचाहून लहान, म्हणजे १६ मिलिमीटरच्या आगेमागे असते. मारावयाचा गोटा त्याहून मोठा. यंत्राची जुनी गोटी इंचाच्या वर क्वचितच जाते, हाताची मात्र दोन इंचांपर्यंत व कधी त्याहूनही मोठी सापडते.

पाचवा प्रश्न, रंगाचे रसायन काय सांगते? वाळूतील लोखंड काचेला हिरवी झाक देते, कोबाल्ट गडद निळा रंग देते, मँगनीज जांभळा, सोन्याचा अतिसूक्ष्म अंश माणकासारखा तांबडा, आणि तांबे योग्य आंचेत रक्तासारखा गडद लाल. काही जुन्या पिवळट-हिरव्या काचांत युरेनियम असे. अशी गोटी अंधारात अतिनील किरणांच्या विजेरीखाली धरली, तर हिरवीगार पेटल्यासारखी दिसते. हल्ली अशा विजेऱ्या नोटा तपासण्यासाठी सर्रास मिळतात. मात्र युरेनियम सापडले म्हणजे गोटी जुनीच, असे अनुमान करू नये. तशी काच अलीकडेही बनली आहे. एका खुणेवरून निकाल देणे हा न्याय नव्हे. पाचही उत्तरे एकमेकांशी जुळली पाहिजेत.

व्रण हीच सही

जुन्या गोटीची किंमत तिच्या अवस्थेवर फार अवलंबून असते. खेळलेल्या गोटीवर टोले बसून नखाच्या चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात, टवके उडतात, पृष्ठ धुरकट होते. संग्राहक या दृष्टीने गोट्यांची जणू नवी, थोडी वापरलेली, बरी आणि जीर्ण अशी प्रतवारी करतात. एक टवका उडाला, तरी मोल झपाट्याने घटते. येथेच मोह उत्पन्न होतो. सहाणेवर किंवा यंत्रावर वरचा थर घासून काढला, की गोटी पुन्हा आरशासारखी दिसू लागते. विक्रेताही खूष, घेणाराही खूष.

पण या घासण्यात जाते काय, ते पाहा. लाऊशाच्या कारागिरांनी आपल्या गोट्यांवर नाव घातले नाही. त्यांची कुटुंबेच्या कुटुंबे या कामात खपली, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. गोटीच्या टोकाचा तो खडबडीत व्रण हीच त्यांची सही. ज्या ठिकाणी एका माणसाच्या हाताने कात्री मिटली, ती जागा दीडशे वर्षांनंतरही बोटाला लागते. घासलेल्या गोटीवर ती जागा गुळगुळीत होते. हाताची आहे की यंत्राची, जुनी आहे की नवी, हे सांगणारी मुख्य साक्षच पुसली जाते. टवका हा खेळाचा इतिहास आहे, व्रण हा जन्माचा दाखला आहे. दोन्ही एकाच सहाणेवर नष्ट होतात, आणि ते परत मिळत नाहीत. म्हणून नवशिक्या संग्राहकाला एकच नियम सांगावयाचा झाला, तर तो असा : गोटी धुवावी, घासू नये. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके. यापलीकडे जाऊ नये.

याच कारणाने खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवावेत. आजही देशोदेशी कुशल कलाकार हाताने गोट्या घडवतात आणि त्या सुंदरही असतात. पण नवी गोटी जुनी म्हणून विकणे ही लबाडी आहे. जुन्या कारखान्यांच्या पुठ्ठ्याच्या डब्यांचीही नक्कल होते. दीडशे वर्षांची म्हणून सांगितलेली गोटी भिंगाखाली निष्कलंक व आरशासारखी दिसली, तर आनंदाआधी संशय यावा.

संग्रहाची शिस्त

संग्रह म्हणजे केवळ साठा नव्हे. शंभर गोट्या बरणीत भरून ठेवल्या तर त्या एकमेकींवर आपटून खराब होतात. प्रत्येक गोटीला स्वतंत्र खण वा कापडी पिशवी द्यावी, आणि वहीत तिची नोंद करावी : क्रमांक, व्यास, वजन, ध्रुवांचे वर्णन, रंग, कोणाकडून, कोणत्या गावी, कोणत्या वर्षी मिळाली. यांतील शेवटच्या तीन गोष्टी गोटीकडे पाहून पुन्हा कधीही काढता येत नाहीत. आजोबांच्या डब्यातील गोटी आजोबांना कोठे मिळाली, हे विचारावयाचे तर ते आहेत तोवरच.

आणखी दोन सूचना. मुले गोटी तापवून थंड पाण्यात टाकतात, म्हणजे आत तड्यांचे जाळे चमकू लागते. ते दिसावयास छान. पण काच आतून मोडलेली असते आणि कधी उडते, डोळ्यांना इजा होऊ शकते. आणि मोठा, नितळ गोटा खिडकीत उन्हात ठेवू नये. काचेचा गोल हे भिंगच आहे. सूर्याचे किरण तो आपल्या पृष्ठालगतच एकवटतो आणि खालचा कागद वा लाकूड जळू शकते. याच तत्त्वावर वेधशाळांतून काचेच्या गोलाने कागदाच्या पट्टीवर जळकी रेघ उमटवून दिवसाचे ऊन किती तास पडले हे मोजीत आले आहेत.

शेवटी, ज्या खेळासाठी ही गोटी जन्मली त्याविषयी. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात गोट्यांचा हंगाम आमच्या ख्रिस्ती उपवासकाळाला जोडलेला होता. राखेच्या बुधवारी तो सुरू होई आणि गुड फ्रायडेला संपे. तेथील टिन्स्ली ग्रीन या खेड्यात १९३२ पासून गुड फ्रायडेला जागतिक स्पर्धा भरत आली आहे. सहा फूट व्यासाच्या वर्तुळात ४९ गोट्या मांडतात, आणि म्हातारेकोतारेही गुडघे टेकून नेम धरतात. आपल्याकडे वर्तुळाऐवजी मातीतला गल, आणि हरणाऱ्याला कोपराने गोटी ढकलण्याची शिक्षा. पण गुडघ्याला लागणारी धूळ तीच.

तेव्हा संग्राहक व्हावयाचे असेल, तर दोन वेगळे डबे ठेवावेत. एक पेटीतला, नोंदलेला, न घासलेला. दुसरा मुलांच्या हाती, खेळावयाचा. आजच्या मांजरडोळी गोट्या मुलांनी मनसोक्त खेळाव्यात, हरवाव्यात, जिंकाव्यात. त्यांचे मोल त्यातच आहे. मात्र घरात जुना डबा निघालाच, तर तो भंगारवाल्याच्या तागडीत टाकण्यापूर्वी एकेक गोटी दिव्यासमोर धरून फिरवावी आणि तिचे ध्रुव शोधावेत. ते सापडले, तर एका अनामिक कारागिराच्या हाताशी आपली गाठ पडली असे समजावे, आणि ती गोटी धुऊन, पुसून, वहीत नोंदवून जपून ठेवावी.